शीळ आणि मिठाची खोली

मिनलच्या पप्पांना घराचं दार कधी वाजवावंच लागलं नाही. चिखलीत त्यांची गल्ली जिथं वळते तिथं एक पिठाची गिरणी आहे, त्या गिरणीपाशी आले की पप्पा शीळ मारायचे. एक लांब, मग दोन आखूड. बस. त्यात ना गाणं, ना चाल. पण ती शीळ गिरणीच्या घरघरीतून, शेजारच्या टीव्हीतून, कुत्र्यांच्या भांडणातून सरळ स्वयंपाकघरात घुसायची, आणि आई हातातलं असेल ते टाकून ओरडायची, "टाकला, टाकला चहा!" तिचा आवाज गिरणीपर्यंत जायचा नाही हे तिला चांगलं माहीत होतं. तरी ओरडायचीच. रोज. आणि पप्पा चपला काढेपर्यंत चहा उकळलेला असायचा.

पप्पा म्हणजे जयसिंग. करमाळ्याकडून तरुणपणी इकडं आले आणि चिखलीतल्याच एका पत्र्याच्या शेडमध्ये भट्टीवर लागले ते तिथंच म्हातारे झाले. चाकणच्या मोठ्या कंपन्यांचे गिअर, पिना, बुश असले जॉब त्या शेडमध्ये कडक करायला यायचे. आणि ते कडक कशात करायचे तर मिठात! मिनल लहान होती तेव्हा तिला हे खरंच वाटायचं नाही.

"मीठ वितळतं का पप्पा?"

"लोखंड लाल व्हतंय, तिथं मिठाचं काय घिऊन बसलीस? पाण्यावानी पातळ व्हतंय. पर खायचं मीठ न्हवं ते. कंपनीचं मीठ. आमटीत घातलं तर सगळी चाळ एका टायमाला आडवी व्हईल."

मग ते हसायचे, आणि आई म्हणायची, "पोरीला काय शिकवताय ओ!"

त्या भट्टीचा एकच कायदा होता आणि पप्पांनी तो घरी आणला होता. ओलं घेऊन आगीपाशी जायचं नाही. म्हणजे किती नाही? तर आईनं धुतलेला तवा गॅसवर ठेवायच्या आत पप्पा खांद्यावरचा नॅपकिन काढून तो पुसणार. तळायच्या मिरच्या एकेक करून पुसणार. मिनल डोकं धुऊन केस मोकळे सोडून स्वयंपाकघरात आली की तिला दाराशीच धरून तिचं डोकं असं खसाखसा पुसणार की बिचारीचे कान लाल व्हायचे. आई जाम वैतागायची.

"अहो, कपाळावरचा घाम पण पुसून येऊ का गॅसपाशी?"

"ये की. पुसून ये."

हे भांडण त्या घरात एवढं जुनं झालं होतं की त्याच्याकडं कुणाचं लक्षसुद्धा जायचं नाही. जसं पप्पांच्या पाठीवरच्या ठिपक्यांकडं जायचं नाही. पूर्ण पाठभर पांढरे ठिपके, ज्वारी सांडल्यासारखे. मिनलनं एकदा विचारलं होतं तर आई म्हणाली होती, "कांजिण्या आल्या होत्या त्यांना." झालं, संपला विषय.

आणि मग शीळ कमी व्हायला लागली. एकदम नाही. आधी शेवटची आखूड गेली. कुणाच्या लक्षातच आलं नाही, आईच्या सोडून. मग दुसरी गेली. मग लांब होती ती मधेच तुटायला लागली, फट्टकन, जुन्या दोऱ्यासारखी. आणि एका संध्याकाळी दारावर टकटक झाली. आईनं आतून विचारलं, "कोण?"

बाहेर पप्पा होते. चौकटीला धरून उभे, तोंड उघडं, खांदे वरखाली. आईनं स्वतःच्या नवऱ्याला "कोण" म्हणून विचारलं होतं. त्या दिवशी चहा टाकताना अर्धी साखर ओट्यावर गेली.

संत तुकाराम नगरच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि विचारलं, "काका, धुरात किती वर्षं काढली?"

"सगळीच," पप्पा म्हणाले.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी उगीच गोड बोलून आशा नाही लावली. म्हणाले, फुप्फुसं कडक झालीत, ती परत मऊ होणार नाहीत, औषधं घ्या, पंप घ्या, जपा. काम सुटलं. पप्पा आडवे झोपूच शकायचे नाहीत. भिंतीला टेकून, मांडीवर उशी घेऊन, उशीवर डोकं ठेवून बसायचे. मिनल आतल्या खोलीत पडून त्यांचा श्वास ऐकायची. सू... खर्र... सू... खर्र. तिला एकच पाहिजे होतं आता. पप्पांनी एकदा नीट पाठ टेकून झोपावं. आणि देवा-बिवाकडं मागायची सवय त्या घरात नव्हती, पण कुणाकडं मागता आली असती तर तिनं ती शीळ पण मागितली असती.

आणि योगायोग काय बघा! मिनल बी.कॉम. झाल्यावर मोशीच्या बाजूला एका टॉवरखालच्या स्पामध्ये काउंटरवर लागली होती, आणि तिथं मिठाची खोली होती. लाकडी सौना, म्हणजे घाम काढायची गरम खोली, आतून सगळ्या भिंतींना गुलाबी मिठाच्या विटा, विटांच्या मागं पिवळे दिवे, कोपऱ्यात हीटर, हीटरवर दगड, दगडांच्या भोवती पण मिठाचे मोठमोठे खडे. चाकणच्या कंपन्यांमधले साहेब लोक शिफ्टचं, मीटिंगचं टेन्शन घेऊन यायचे, टॉवेल गुंडाळून आत बसायचे आणि बाहेर येताना म्हणायचे, काय हलकं वाटतंय, श्वास कसा मोकळा झाला! पहिल्यांदा हे वाक्य ऐकलं तेव्हा मिनल पावती फाडता फाडता थांबलीच.

तिनं मॅनेजर स्वरूपा मॅडमना विचारलं. घाबरत घाबरत. मॅडम जरा कडक होत्या, पण त्यांचे स्वतःचे वडील दम्यानं गेले होते. म्हणाल्या, "मंगळवारी सकाळी कोणी नसतं. आण त्यांना. पण डॉक्टरला विचारून."

डॉक्टर म्हणाले, "बरा करणारा उपाय नाहीये हा, हे डोक्यात ठेवा. पण बरं वाटत असेल तर थोडा वेळ बसू दे. हीटर एकदम कमी. आणि वाफ अजिबात नको."

पहिल्या मंगळवारी पप्पा खोलीच्या दारात उभे राहिले आणि आतच जाईनात. सगळीकडं बघत राहिले. मग पुढं होऊन भिंतीवर बोट फिरवलं आणि बोट तोंडात!

"पप्पा!"

"खारट हाय की गं."

"मीठच आहे ते! चाटताय काय, लोक बघतील."

"कोन बघतंय, आपुनच दोघं हाय." ते बाकड्यावर बसले, हीटरकडं एक नजर टाकली, हीटर मंद होता, मग जरा सैल झाले. "मिने, ह्या मिठात काय बुडवायचं असतंय?"

"तुम्हाला!"

पप्पा एवढे हसले की खोकला लागला, आणि खोकल्याबरोबर किती दिवसांचं छातीत अडकलेलं सुटून आलं. मिनल पाठीवरून हात फिरवत राहिली, त्या ज्वारीच्या दाण्यांवरून.

त्या रात्री पप्पा आडवे झोपले. खरंच. पाठ टेकून. आई शेजारी बसून नुसती बघत होती त्यांच्याकडं, जशी बाळाकडं बघतात तशी.

मग दर मंगळवार. मोशीच्या बसमध्ये बापलेक बसायचे, पप्पा खिडकीतून शेड दाखवायचे, हिथं बफिंग हाय, हिथं प्लेटिंग हाय, ह्या मालकानं माझ्याकडं जॉब पाठवलेले, लई नखरे. आणि एका मंगळवारी खोलीतून बाहेर आल्यावर, चपला घालता घालता, पप्पांनी सहज ओठ गोल केले. आणि आली! बारीक, पातळ, फाटकी. पण शीळ. मिनलनं धावत फोन काढला, आईला लावला, "आई, ऐक! परत मारा पप्पा, मारा!" पप्पांनी मारली. फोनमधून आई ओरडली, "टाकला, टाकला चहा!" आणि मग फोनमधून नुसता हुंदका.

"दिवाळीपर्यंत गिरणीपास्नं मारतो बघ," पप्पा म्हणाले.

मारली असती. मिनल अजून तेच म्हणते. मारली असती त्यांनी.

पण त्यानंतरच्या मंगळवारी एक साहेब न सांगता आले. नेहमीचे गिऱ्हाईक, घाईत, विमान पकडायचंय म्हणाले, आत्ताच पाहिजे, फुल वाफ पाहिजे. स्वरूपा मॅडम मिनलला बाजूला घेऊन म्हणाल्या, "वडिलांना बाहेर बसव आणि पाणी टाक दगडांवर."

मिनल आत गेली. पप्पा दाराजवळच्या बाकड्यावर भिंतीला डोकं टेकून डुलकी घेत होते. एवढे शांत! तिला उठवावंसं वाटेना. तिला वाटलं, एक पळी पाणी टाकते, साहेबांना बसवते, मग पप्पांना हळूच नेते बाहेर. एवढीच तिची चूक. प्रेमानं केलेली. हीटर वाढवला, दगड तापले, कॉइल लाल झाली. साहेब टॉवेल गुंडाळून वरच्या बाकड्यावर चढले. मिनल पाण्याची लाकडी बादली घेऊन हीटरपाशी गेली, पळी भरली.

आणि पप्पांनी डोळे उघडले.

त्यांना काय दिसलं? लाल झालेली भट्टी. भोवती मीठ. आणि मिठावर पाणी ओतायला निघालेली त्यांची पोरगी.

"मिनेऽऽ! ओलं हाय!"

ज्या माणसाला गिरणीपासून घरापर्यंत चालवत नव्हतं त्या माणसानं झेप घेतली. मिनलला कमरेला धरून खाली पाडलं, तिच्या अंगावर पालथे पडले, तिचं डोकं स्वतःच्या छातीखाली दाबून धरलं आणि पाठ हीटरकडं केली. बादली उलटली, सगळं पाणी दगडांवर गेलं, फस्सकन खोली वाफेनं भरली. साहेब वर उभे राहून बोंबलत होते, "अरे ये पागल है क्या? कौन है ये आदमी?" आणि पप्पा त्या गरम वाफेत, मिनलच्या कानाशी, मोठमोठ्यानं श्वास ओढत म्हणत होते, "हालू नगंस. हालू नगंस बाळा."

काहीच उडालं नाही. उडणार काय होतं? नुसती वाफ होती.

मॅडम धावत आल्या. साहेब टॉवेल सावरत बाहेर गेले ते ओरडतच. मिनल उठली, युनिफॉर्म भिजलेला, कोपर खरचटलेलं, सगळा स्टाफ दारात गोळा झालेला, कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि ती भडकली.

"पप्पा, अक्कल आहे का तुम्हाला? ही काय तुमची शेड आहे का? लाज आणलीत मला! तुम्हाला इथं आणलं हेच चुकलं माझं!"

पप्पा जमिनीवरच बसले होते. त्यांनी तिच्याकडं खालून वर पाहिलं, तिचं तोंड, हात, सगळं धड आहे का ते बघितलं आधी. मग म्हणाले, "व्हय. चुकलं गं." आणि नॅपकिन काढून जमिनीवरचं पाणी पुसायला लागले.

नोकरी राहिली. मॅडमनी साहेबांची समजूत काढली. पण मंगळवार बंद झाला. मिनलनं विचारलं नाही, पप्पांनी नाव काढलं नाही. घरात अबोला. आई विचारायची काय झालं, तर मिनल म्हणायची, "त्यांनाच विचार." त्या वाफेनंतर पप्पांची छाती जास्तच बिघडली होती, परत भिंत, परत उशी, परत सू... खर्र. मिनल आतल्या खोलीत कानात हेडफोन घालून झोपायची. ऐकू येऊ नये म्हणून!

एका संध्याकाळी ती कामावरून आली. गल्लीतून वर पाहिलं तर पप्पा गॅलरीत कठड्याला धरून उभे. तिच्याकडंच बघत होते. तोंड पुढं काढलेलं, गाल आत गेलेले, छाती जोरजोरात हलत होती. तिला वाटलं दम लागलाय. तिला वाटलं पंप घेतला नसेल, आता आई ओरडेल, आता परत सगळं माझ्याच अंगावर. तिनं मान खाली घातली आणि सरळ घरात शिरली. त्यांच्याकडं न बघता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पप्पा घामानं भिजून निळे पडले आणि त्यांना रिक्षातून हॉस्पिटलात नेलं.

वॉर्डच्या बाहेर बाकड्यावर मिनल आणि आई बसल्या होत्या तेव्हा समाधानकाका आले. ते भट्टीवरचे पप्पांचे जोडीदार, परभणीकडचे, आता एका सोसायटीत वॉचमन आहेत. त्यांचा डावा हात कोपरापासून खाली प्लास्टिकसारखा चकचकीत आहे, मिनल लहानपणापासून बघत आलीय. भट्टीवर भाजला एवढंच तिला माहीत.

"कुठंय आमचा राजा?" काका आल्या आल्या म्हणाले. "त्याला सांगा, समाध्या आलाय, जयभीम घे म्हणावं, अन् ऊठ म्हणावं, लई नाटकं झाली." मग आईचं तोंड बघून खाली बसले. "वहिनी, असं अचानक कशानं?"

आई म्हणाली, "मिनलच्या कामावर काहीतरी झालं. पाणी टाकलं म्हणून हे हिच्या अंगावर पडले म्हणे. ही धड सांगत नाही, ते सांगत नाहीत."

काकांनी मिनलकडं पाहिलं. "कशावर पाणी टाकलं लेकरा?"

"दगडांवर. गरम दगड असतात. बाजूला मीठ असतं. वाफेसाठी टाकतात, काका, रोज टाकतात, काही होत नाही..."

काकांनी डाव्या हाताची बाही वर सारली. मग चकचकीत हात पुढं केला.

"हे कशानं झालं ठाऊक हाय का तुला? एक जॉब ओला ऱ्हायला व्हता. इवलासा. आत पाणी साचलेलं, मला दिसलं नाही. मी मिठात बुडवला. बाँबवानी उडालं सगळं मीठ, पेटतं मीठ, छतापस्तोर. तुझा बाप पलीकडं व्हता, पळायला दार त्याच्या मागंच व्हतं. पळाला नाही येडा. माझ्यावर येऊन पडला. माझा हात तेवढा बाहेर ऱ्हायला. बाकीचं सगळं त्यानं पाठीवर घेतलं. पाठ बघितली नाहीस का कधी त्याची?"

मिनलनं आईकडं पाहिलं.

"तूच म्हणालीस ना... कांजिण्या..."

"तेच म्हणाले, पोरीला सांगू नको," आई म्हणाली. "रोज कामावर निघालो की घाबरंल म्हणाले."

मिनलला सगळं एकदम आठवलं. तवा. मिरच्या. लाल झालेले कान. हालू नगंस बाळा. आणि स्वतःचा आवाज, अक्कल आहे का तुम्हाला. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

आई हळूच म्हणाली, "आणि काल संध्याकाळी गॅलरीत तासभर उभे होते. म्हटलं आत या, गार लागतंय. तर म्हणाले, मिनी रुसलीय, ती आली की शीळ मारतो, हसंल. मारली का गं? मला आतून काही ऐकूच नाही आलं."

मिनल उठली आणि वॉर्डकडं पळाली.

दारात नर्स म्हणाली, हात धुऊन जा. तिनं कसेतरी धुतले आणि तशीच आत गेली. पप्पा उशांना टेकून बसवलेले, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, नॅपकिन उशाशी. ती पलंगापाशी खाली बसली. "पप्पा, मला माहीत नव्हतं. पप्पा, मी काय बोलले हो तुम्हाला. माझं चुकलं पप्पा..."

पप्पा तिच्या हातांकडं बघत होते. ओले होते ते. त्यांनी उशाशी चाचपडून नॅपकिन घेतला आणि तिचा हात पुसायला लागले. एकेक बोट. मधे थांबायचे, श्वास ओढायचे, परत पुसायचे. दोन्ही हात कोरडे झाल्यावर त्यांनी ते उलटेपालटे करून बघितले, भट्टीत सोडायच्या आधी जॉब बघावा तसे.

मग त्यांचे गाल आत गेले. ओठ गोल झाले. छाती उचलली गेली. मास्कच्या आत, ओठांसमोर, वाफेचा एक छोटासा गोल उमटला. लगेच विरला. मग अजून एक. अजून एक, अगदी फिका.

आवाज काहीच नव्हता. पण या वेळेला मिनलला कळलं. एक लांब, दोन आखूड.

"टाकला पप्पा," ती म्हणाली. मग वॉर्डभर ऐकू जाईल असं ओरडली, "टाकला, टाकला चहा!"

पप्पांचे डोळे हसले. मास्कमध्ये ओठ हलले नाहीत, पण डोळे हसले.

तिनं आईला आत पाठवलं आणि धावत खाली गेली. गेटबाहेरच्या टपरीवर सांगितलं, दादा, आलं टाकून, कडक. पप्पांना पिता येणार नव्हता, तिला माहीत होतं. निदान वास तरी जाईल. कप घेऊन ती भराभर जिना चढली, लिफ्टसाठी थांबलीच नाही, चहा हिंदकळून बोटांवरून मनगटापर्यंत येत होता तरी.

आई वॉर्डच्या दाराबाहेर उभी होती. तिच्या खांद्यावर पप्पांचा नॅपकिन होता. आईच्या खांद्यावर तो नॅपकिन मिनलनं आजपर्यंत कधीच पाहिला नव्हता.

समाधानकाका भिंतीकडं तोंड करून उभे होते.

आईनं मिनलच्या हातातून कप काढून घेतला, बाकड्यावर ठेवला. मग खांद्यावरचा नॅपकिन काढला आणि तिची चहानं भिजलेली बोटं पुसायला लागली. हात कोरडे झाले तरी पुसतच राहिली.